निळा दिवा

स्पीकरचा निळा दिवा लागला आणि वर्गातली सगळी पेनं एकदम चालू लागली. पल्लवीचं तेवढं हवेतच राहिलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

बारावीची इंग्रजीची श्रवण चाचणी होती. स्पीकरवर उतारा लागणार, तो ऐकून दहा उत्तरं लिहायची. परीक्षा घ्यायला रिसोडहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी प्रश्नांचे आणि उत्तरांचे कागद वाटले, टेबलावरचा स्पीकर चालू केला आणि हजेरीचा तक्ता पुढ्यात ओढून नंबर ताडून पाहत बसल्या. वर्गाला इंग्रजी शिकवणारे ऋषिकेश सर दाराशी हाताची घडी घालून उभे होते.

पल्लवीनं श्वास रोखला. कान टवकारले. काही नाही.

शेजारी सपना मान जराशी तिरपी करून, डोळे स्पीकरवर लावून बसली होती. मध्येच समजल्यासारखी मान हलवायची आणि लिहायची. पुढच्या बाकावर सतीशचंही तेच. इंग्रजीत स्वतःचं नाव लिहिताना ज्याला घाम फुटायचा, तो सतीश पाचव्या उत्तरावर पोचला होता.

मग पल्लवीला डीजे आठवला. परवा मालेगावला मामेबहिणीच्या लग्नात ती डीजेच्या डब्याला खेटून नाचली होती. भागिरथा आजी ओरडून ओरडून थकली, "सरक तिथून, पोरी, कान जातीन तुये!" पण ऐकतं कोण? रात्रभर कानात सूं सूं झालं. काल तर डोकं इतकं भणभणलं, की कॉलेजच बुडालं. आणि नेमकी कालच सरांनी दोन तास बसवून या चाचणीची खास तयारी करून घेतली होती.

तिनं बाकावर नखानं हळूच टकटक केलं. ऐकू आलं. बाहेर रस्त्यावर रिठदच्या एसटीनं हॉर्न दिला, तोही आला. तीस पेनांची खरखर तर स्वच्छ येत होती. सगळं जग ऐकू येत होतं, इंग्रजी तेवढं येत नव्हतं. असा कसा कान गेला म्हणायचा?

"सपना," ती कुजबुजली, "तुले आयकू येऊन राह्यलं काय?"

"मस्त," सपना स्पीकरवरची नजर न हलवता म्हणाली. "लिव ना तू. टाइम जाते."

पल्लवी रडायच्या बेतात आली होती. सराव परीक्षेत तिला ऐंशीपैकी एकवीस मार्क होते. वाचून दाखवणं, ऐकणं, बोलणं असे मिळून वीस मार्क कॉलेजातच मिळायचे, त्यावर सगळी मदार होती. इंग्रजीत गटांगळी खाल्ली तर नर्सिंगचा फॉर्म भरायला नको. आणि तिच्या बापानं, देवमननं, पोरगी नर्स होणार म्हणून अख्ख्या गावाला आधीच सांगून ठेवलं होतं.

सपनानं कागद तिच्याकडे सरकवला. दहाच्या दहा उत्तरं, मोत्यासारख्या अक्षरात. पल्लवीनं पेन टेकवलं. पहिलं अक्षर उमटणार तेवढ्यात तिला दवाखान्यातली ती नळी दिसली, नर्स कानाला लावते ती. मार्क गेले तर पुढच्या परीक्षेला मिळतील, कान कुठून आणायचे? खरंच गेले असतील, तर आजच कळलेलं बरं.

ती उभी राहिली.

"मॅडम, मले काहीच आयकू येऊन नाही राह्यलं."

वर्गात खसखस पिकली. दारातून ऋषिकेश सरांनी डोळे वटारले. "खाली बस, पल्लवी! काल दांडी मारायची आन् आज..." पुढचं त्यांनी गिळलं.

मॅडमनी तक्त्यावरून मान वर केली. पल्लवीच्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं. मग उठून त्यांनी सतीशचा कागद उचलला. वरपासून खालपर्यंत वाचला. सपनाचा वाचला. त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. त्यांनी रांगेरांगेतून सगळे कागद गोळा केले. पल्लवीचा तेवढा उचललाच नाही. पिशवीतून प्रश्नांचा दुसरा गठ्ठा काढला आणि प्रश्नांसोबत उत्तराला एकेक नवा कागद प्रत्येकापुढे ठेवत आल्या. पल्लवीपुढे फक्त प्रश्न ठेवले. उत्तराला कागद नाहीच.

झालं, पल्लवीला वाटलं. आपल्याला परीक्षेतून काढलं.

"मॅडम, मले नवा कागद?"

"तुझा कोराच आहे ना? तोच वापर."

"पन मॅडम, माये कान..."

सर आता दारात नव्हते. सपना खाली मान घालून पेनचं टोपण चावत होती. मॅडम टेबलापाशी गेल्या. पर्सची चेन उघडून त्यांनी आतून मोबाइल काढला आणि तो स्पीकरला जोडू लागल्या.

"तुझे कान ठणठणीत आहेत, बाळा," त्या म्हणाल्या. "मी अजून काही लावलंच नव्हतं."