चुकीची तारीख

"फोटो काढायचा नाही. पेन्सिलनेच उतरवून घ्यायचं," रेकॉर्डकीपरने बजावलं आणि आजोबांचं सर्व्हिस बुक तिच्यापुढे सरकवलं. पाच हेलपाटे घातल्यावर आज कुठे ते हाती लागलं होतं. तिचे पाय भरून आले होते. साठीला टेकलेल्या बाईने जिने तरी किती चढायचे? पण घरी ब्याऐंशी वर्षांचे बाबा हे कागद बघूनच ये म्हणून हटून बसले होते.

बाबांचं भांडण आजोबांशी होतं. आजोबा सैनिक. बाबा चार वर्षांचे असताना ते लढाईत मारले गेले. मागे ठेवलं काय, तर पलटणीच्या कागदावर लिहिलेली मुलाची जन्मतारीख, आणि तीही चुकीची. दवाखान्याच्या चिठ्ठीवर चार डिसेंबर. आजोबांनी लिहिली त्याच वर्षाची नऊ फेब्रुवारी. तीच शाळेत लागली, तीच नोकरीत. बाबा वर्गात सगळ्यांत लहानखुरे राहिले आणि निवृत्त होऊन दहा महिने आधीच घरी बसले. नऊ फेब्रुवारीला कुणी शुभेच्छा दिल्या की त्यांचं डोकं फिरायचं. बापाला पोराचा जन्म लक्षात ठेवता आला नाही, म्हणायचे. आपली त्यांना काडीची किंमत नव्हती, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

तिने पानं उलटली. उंची, छाती, बुटाचं माप. मग कुटुंबाचं पान. आजोबांच्या वळणदार अक्षरात नऊ फेब्रुवारी. कुठे खाडाखोड नाही. पुढचं पान रजेचं होतं. त्यावर एकच नोंद: बाबांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, मे महिन्यातले पंधरा दिवस. त्यानंतर शेवटपर्यंत आजोबा आघाडीवरच होते. घरी फिरकलेच नव्हते.

तिने बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. चार डिसेंबरला जन्मलेलं मूल आजोबांचं असूच शकत नव्हतं. नऊ फेब्रुवारीला जन्मलेलं असू शकत होतं.

रेकॉर्डकीपरने झालं का म्हणून विचारलं. तिने कोऱ्या कागदाची घडी पर्समध्ये टाकली. बसमध्ये उभ्यानेच घरी आली. वाटेत ठरवून टाकलं होतं, काही सापडलं नाही म्हणून सांगायचं.

बाबा दाराकडे तोंड करून बसले होते. ती चपला काढत होती तेवढ्यात त्यांनी विचारलं, "रजा कधी मिळाली होती त्यांना?"

रजेचा विषय घरात कधीच निघाला नव्हता. लहानपणी त्यांच्या कानावर काय काय पडलं असेल, कोण जाणे. शंका त्यांना केव्हापासूनच होती, एवढं मात्र तिला कळलं. खोटं बोलायचं तिच्यात त्राण उरलं नाही.

"एकदाच," ती म्हणाली. "नऊ फेब्रुवारीच्या बरोबर नऊ महिने आधी."

 बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"यंदापासून माझा वाढदिवस नऊ फेब्रुवारीला करत जा."