खालच्या काकांचं चाक

कॅन्सरमुळे गुंड्याचा मागचा एक पाय काढला, आणि आमचा कुत्रा बाहेर शू करणंच विसरला. टॉवेलच्या झोळीत त्याला रोज पार्किंगमध्ये न्यायचो; साहेब नुसते उभे, मग घरी येऊन अंथरुणात कार्यक्रम.

नवव्या दिवशी तो झोळीतून निसटला, टुणटुण उड्या मारत थेट खालच्या काकांच्या गाडीपाशी गेला आणि पुढच्या दोन पायांवर सर्कशीतल्यासारखा उभा राहून त्याने चाक भिजवलं! समोरच काका. याच चाकावरून चार वर्षं आमच्याशी भांडणारे, ते रोज सकाळी घासून धुणारे.

"सॉरी काका, लगेच धुते!" मी पाइपकडे धावले.

"खबरदार हात लावशील तर!" काका चक्क नाचत होते.



"त्याला स्वतःचा जुना वास सापडावा म्हणून ऑपरेशन झाल्यापासून चाक धुतलं नाहीये मी!"