हिरवे पऱ्हे

लाखनीचा हायवे सोडून जीवनची मोटारसायकल पांदणीला लागली, तशा भाताच्या बांधीतल्या बायांनी माना वर केल्या. रोवणी अर्ध्यावर आली होती. मागे बसलेल्या त्याच्या आईने, बायजाबाईने पदर छातीवरून घट्ट ओढून घेतला.

"थांबव रे," तिची मोठी जाऊ शकुंतलाबाई चिखलातूनच म्हणाली. "का म्हनला वो नागपूरचा डॉक्टर? रिपोर्ट का आला?"

जीवनने गाडी थांबवली. बायजाबाई खाली उतरली.

"निगेटिव्ह," ती म्हणाली.

बांधीत हसू फुटलं. दीड वर्षात हा एक शब्द गावातल्या लेकराबाळांनाही पाठ झाला होता. निगेटिव्ह म्हणजे माणूस सुटला.

"मंग त सुटली माय तू," शकुंतलाबाई म्हणाली. "पुढच्या साली रोवणीले येजो. दोन साल झाले, धुऱ्यावर बसून आमाले शिकवून राहिली."

"शिकवून तरी का उपेग? ओळ पाहा तुमची, सापावानी गेली."

बाया खदखदून हसल्या. जीवनला राहवलं नाही. "मोठी माय, तो रिपोर्ट त कोरोनाचा..."

बायजाबाईने मागून त्याच्या दंडाला चिमटा काढला. लहानपणी लग्नाच्या पंगतीत काढायची, तसा.

दवाखान्यात आत घ्यायला तो रिपोर्ट लागत होता, एवढंच. छातीतल्या गाठीच्या ऑपरेशनची पहिली तारीख लॉकडाऊनमध्ये गेली. ऑपरेशनच्या वॉर्डात कोरोनाचे पेशंट ठेवले होते. दुसरी तारीख दुसऱ्या लाटेत गेली. आज डॉक्टरीणबाईंनी काखेत दाबून पाहिलं, फोटो उजेडाला धरले. "तेव्हा जमलं असतं, मावशी. आता ऑपरेशनचा उपयोग नाही," एवढं बोलून त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, पऱ्ह्यांच्या म्हणजे भातरोपांच्या पेंड्या पडल्या होत्या. लग्न होऊन आली तेव्हापासून या बांधीतली पहिली ओळ बायजाबाईची. हात आपसूकच पेंडीकडे गेला. एक रोप काढून तिने बुडख्याशी अंगठा फिरवला. बारीक, टणक गाठ लागली.

"हे पऱ्हे म्हातारे झाले न, बाई. कांड धरलं यायनं."

"पानीच कुठी होतं वो? थांबा लागलं." शकुंतलाबाईने चिखलाचे हात कमरेवर ठेवले. "लागतीन. हिरवे त दिसतेत."

म्हाताऱ्या पऱ्ह्याला फुटवे येत नाहीत, सासू म्हणायची. लावल्यावर चार दिवस तेवढं शेत हिरवंगार दिसतं. शकुंतलाबाईलाही ते ठाऊक होतं. दोघी एकाच सासूच्या हाताखाली रोवणी शिकल्या होत्या.

बायजाबाईने चपला काढल्या, लुगडं वर खोचलं.

"माय, नको उतरू," जीवन म्हणाला. तो घाईने गाडीवरून उतरला.

"चुप राय. निगेटिव्ह हावो मी."

शकुंतलाबाईने वळून पोराच्या तोंडाकडे पाहिलं, मग जावेच्या. बाजूला सरकून तिने पहिल्या ओळीची जागा मोकळी केली.

बायजाबाई वाकली. तिची ओळ सरळ जात होती.