कमरेवर हात

एजन्सीने देखरेखीला ठेवलेल्या नातेलाने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. "चेहरा आणि खांदे, बस. त्याखाली काही दिसलं तर तुझं तू निस्तर."

तोतुगुल टेबलाला भिडून बसली. सातवा महिना. पोटात एका परदेशी जोडप्याचं मूल. ते बाहेर येईपर्यंत तिचा पासपोर्ट एजन्सीच्या कपाटात. घरच्यांना वाटत होतं, पोरगी इस्तंबूलमध्ये शिलाईच्या कारखान्यात आहे.

"आईच्या मातीला दोनच दिवस जाऊन आले असते."

"आणि विमानात काही झालं असतं तर? बाळंत होईपर्यंत तिबिलिसी शहर सोडणार नाही, ही सही काय मी केली?"

फोनवर किर्गिझस्तानातल्या नारिन गावचं तिचं घर आलं. अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू, आत भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बायका. बातमा वहिनीने तोंड पुढे आणलं.

"गाल बघ केवढे वर आलेत! आई तुझं नाव घेत गेली, आणि तू तिकडे फुगत्येस."

"रडून सुजलेत, वहिनी."

"मग आता सगळ्यांना ऐकू जाईल असं रड. एकुलती एक लेक. तुझा आवाज नाही आला तर लोक म्हणतील, म्हातारीला मागे कुणी नव्हतं."

तोतुगुलने रीतीप्रमाणे दोन्ही हात कमरेवर टेकले आणि सूर धरला. बर्फ फोडून पाणी आणणारी माझी आई. आठ जणांना जेवू घालून उपाशी झोपणारी माझी आई. तंबूतल्या बायकांनी सूर उचलला.

"हळू," नातेला कुजबुजली. "बाळाला त्रास होतो."

आई मेली की लेक रडते. करारात ते बसत नव्हतं.

तिकडे बाहेर पुरुषांचा हंबरडा उठला. जनाजा उचलला होता. बायका भराभर उभ्या राहिल्या.

"ऊठ!" वहिनी ओरडली. "आई निघाली, ऊठ!"

"बसून राहा," नातेला दात आवळून म्हणाली.

तोतुगुलने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग उठली. हात कमरेवरच होते.

तंबूतला विलाप एकेका बाईगणिक तुटत गेला. वहिनीने फोन डोळ्यांजवळ नेला.

"कुणाचं गं हे?"

"माझं नाही, वहिनी."

"मग काय शेजारणीचं?"

फोन बंद झाला. तोतुगुल उभीच होती. नातेलाने तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, फुगवला, काटा थांबेपर्यंत वाट पाहिली.

"एकशे साठ," ती म्हणाली. "आता त्या जोडप्याला कळवावं लागणार."