खाटेखालची बॅटरी

मारेगावच्या किसनरावांकडे मोटरगाडी आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिला बहुतेक वेळा बैलजोडीच ओढते, हेही ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र चेष्टेला जागा नव्हती. बायको, वच्छलाबाई, तापाने फणफणली होती. तिला यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि मोटरची बॅटरी उतरलेली.

घरात प्लग एकच. तो जावयाच्या पंख्यासाठी बसवलेला, मानाच्या खाटेशेजारी. त्याच खाटेवर वच्छलाबाई निजली होती. किसनरावांनी सकाळी पंखा काढून चार्जर लावला आणि बॅटरी खाटेखाली सरकवली. चार्जरचा काटा हलला. बॅटरीत बुडबुडे उठू लागले.

दुपारी शेजारचे भगवानराव दळणाचा डबा घेऊन दारात थांबले.

"वयनी कशा हायेत?"

"झोपली हाये. बॅटरी भरली का नेतोच."

"कायनं भरून राह्यली जी? लाईन तं पहाटपासून बंद हाये. चक्कीवरून दळण तसंच वापस आणलं मी."

किसनराव हसले. मग त्यांनी दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

त्यांनी चार्जरची पिन प्लगमधून उपटून हातात घेतली. बुडबुडे थांबले नाहीत. काटा आणखी थोडा पुढे सरकला.

त्यांनी बायकोच्या कपाळाला हात लावला. ताप पार उतरला होता. कपाळ माठासारखं गार होतं.

घाईघाईने ते खाटेखाली वाकले आणि बॅटरीचे चिमटे ओढू लागले.

"राहू द्या जी," वच्छलाबाई डोळे मिटूनच म्हणाली. "आता थोडीशीच उरली हावो मी."