आप्पांचा आवाज येईना

आमच्या गावचे सरपंच बाळासो आप्पा प्रचाराचं भाषण रेकॉर्ड करायला शिरूरला माझ्या स्टुडिओत आले. संध्याकाळी गावात त्यांची शेवटची सभा होती.

आप्पा दणक्यात बोलले. मी मान हलवली. "आवाजच आला न्हाई, आप्पा. कॉम्प्युटरवर विंडोज न्हाई, लिनक्स हाय, कधी कधी माईक ओळखतच न्हाई."

मी वायर बदलली, काळ्या स्क्रीनवर कमांड टाकल्या. "आता बोला. मोठ्यानं."

आप्पा ओरडले.

"इनपुट म्यूट दाखवतंय. अजून जोरात."

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आप्पा पुन्हा ओरडले, पुन्हा पुन्हा ओरडले. दुपारपर्यंत त्यांचा घसा पार बसला.

"झालं बघा दुरुस्त. बोला."

आप्पांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

मग मी प्ले दाबलं. सकाळचं पहिलंच भाषण खोलीभर घुमलं, शब्द न् शब्द स्वच्छ.

"ग्रामसभेत माझी आई पाण्याचं विचारायला उठली, तवा तुम्ही माईक बंद करायला लावला होता," मी म्हणाले. "आज सभेत ती परत विचारणार हाय. द्या उत्तर."