फ्रिजमधला हिमालय

“कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही!” तुकारामकाकांनी सुरुवातच तिथून केली. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ गावातल्या एका हॉलमध्ये उंच डोंगरांवरच्या फुलझाडांचं वसंत प्रदर्शन भरलं होतं. काकांच्या जांभळ्या प्रिम्युलाला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि तिथे मराठी कळणारी एकटीच असलेली अक्षता त्यांच्या तावडीत सापडली होती.

“मूळचं हिमालयातलं झाड हे. गारठ्यात झोपल्याशिवाय फुलत नाही, आणि आपल्या जॉन्सनव्हिलला बर्फ कुठला? म्हणून अख्खा हिवाळा कुंडी फ्रिजमध्ये ठेवली. एकदा दार उघडलं, तर शिंकलं की हो ते माझ्या तोंडावर!”

अक्षता खळखळून हसली. “आणि घरचे ओरडले नाहीत?”

“ओरडतात कसले! मुलगा, सून, दोन नातवंडं, सगळे माझ्याजवळच असतात. रोज पंगत! आज फक्त कुणाला यायला जमलं नाही.” काका कुंडीतली माती उगाचच सारखी करू लागले. कुणी आपली कीव केलेली त्यांना मुळीच खपत नसे.

अक्षताने त्या कुंडीकडे पाहिलं. चांगली बादलीएवढी होती.

“काका, झाड शिंकलं हे मी मानते. पण आमच्याकडे आम्ही तिघंच, तरी फ्रिजमध्ये लिंबू ठेवायला जागा नसते. तुमच्याकडे रोज पाच माणसं जेवत असती, तर ही कुंडी आत मावली असती का हो?”